वापरात नसलेल्या स्टाइली

शुक्रवारी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, पुलांच्या पाहणीच्या अहवालातली स्टाइलींची यादी वरून खाली सरकवत असताना मला ‘श्वास’ दिसला आणि माउसवरचा हात तिथल्या तिथे थांबला. यादीत एकशे चौऱ्याऐंशी नावं होती. ‘मथळा’, ‘मथळा नवा’, ‘मथळा नवा खरा’, ‘मथळा साहेबांचा’, ‘टेबल बारीक’, ‘टेबल बारीक २’. कुणीतरी वैतागून एका स्टाइलचं नाव ‘ही वापरू नका’ असं ठेवलं होतं आणि अख्ख्या अहवालात तीच सगळ्यांत जास्त वापरलेली होती. असल्या नावांचं मला आता काही वाटत नाही. सव्वीस वर्षं हीच नावं बघतो आहे. पण ‘श्वास’ हे नाव जगात एकाच व्यक्तीने एका स्टाइलला दिलं होतं, तेही माझ्या पाठीला पाठ लावून बसून, आणि ती खुर्ची रिकामी होऊन बारा वर्षं झाली. तिच्यावर आता प्रिंटरच्या कागदांचे गठ्ठे असतात.

माझं काम काय ते सांगितलं की लोक म्हणतात, हां, म्हणजे टायपिंग. टायपिंग नाही हो. लोक लिहितात, मी ते सारखं करतो. वीस इंजिनिअरांनी वीस टेबलांवर बसून लिहिलेलं एकत्र केलं की कुणाचा मथळा ठळक, कुणाचा तिरपा, कुणाचा अधोरेखित करून वर निळा. एक जण परिच्छेद आत सरकवायला टॅब वापरतो, दुसरा स्पेसबार पाच वेळा दाबतो, तिसरा कधी चार वेळा, कधी सहा वेळा, मूड असेल तसा. नवीन पान पाहिजे म्हणून एंटर दाबत दाबत खाली उतरणारे तर निम्मे. यावर उपाय म्हणजे स्टाइल. स्टाइल म्हणजे एक नाव. ‘मथळा’ या नावाला एकदा सांगून ठेवायचं, की बाबा तू ठळक, तुझा आकार सोळा, तुझ्या वर एवढी जागा, खाली एवढी. मग जिथे जिथे मथळा येईल तिथे ते नाव लावत जायचं. एका अहवालाला सात स्टाइली पुरतात. आमच्या ऑफिसचा तसा नियमच आहे आणि तो मीच केलेला आहे. भानगड अशी की एका फाइलमधल्या चार ओळी उचलून दुसरीत टाकल्या की त्यांच्याबरोबर त्यांची स्टाइलही येते. त्या ओळी पुढे कुणी खोडल्या तरी नाव यादीत बसून राहतं, कपड्यांना कुसळं चिकटून घरी यावीत तसं. मजकुरात कुठेच नाहीत आणि यादीत मात्र आहेत, अशा स्टाइली एका फटक्यात उडवायची सोय मी करून घेतली आहे. एक बटण दाबायचं. वाचायचं नाही, विचार करायचा नाही. किती उडाल्या त्याचा आकडा मशीन सांगतं. ऑफिसात मला इस्त्रीवाला म्हणतात आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

माझ्या पाठीमागच्या खुर्चीत बसायची तिला ऑफिसात वाचनालय म्हणायचे. आमच्या कामाचा पहिला नियम असा की मजकूर वाचायचा नाही. नुसतं बघायचं. वाचायला लागलं की डोळा अर्थाच्या मागे जातो आणि मथळ्याखालची जागा चुकते. ती सगळं वाचायची. यंत्रांची माहितीपत्रकं, संस्थांचे वार्षिक अहवाल, कुठल्याशा गोदामाच्या आगीची चौकशी, काही सोडायची नाही. आणि वाचून झालं की खुर्ची अर्धवट फिरवून मला सांगायची. “अरे, ऐक ना. या गोदामाचा राखणदार म्हणतो, आग लागली तेव्हा मी तिथेच होतो, पण मला कुणी विचारलंच नाही.” मी म्हणायचो, तू कितव्या पानावर आहेस ते सांग. “एकोणीस.” मी तोवर साठावर असायचो. तिचं काम माझ्या निम्म्या वेगाने व्हायचं आणि त्यात माझ्यापेक्षा कमी चुका निघायच्या, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. यादीही ती वाचायची. कुठलीही फाइल उघडली की आधी स्टाइलींची नावं वरपासून खालपर्यंत. नावांवरून माणसं कळतात म्हणायची. ‘मथळा साहेबांचा’ लिहिणारा माणूस साहेबाला किती टरकून आहे बघ. ‘श्वास’ तिने काढला तो टेबल आणि परिच्छेद यांच्यामध्ये टाकायची अर्धी रिकामी ओळ म्हणून. मी म्हटलं, रिकामी ओळ ही स्टाइल असूच शकत नाही, जागा द्यायची तर टेबलाच्या खाली मोजून द्यावी, हे शास्त्राला धरून नाही. “मजकुरालाही दम खायला जागा नको का?” असं ती म्हणाली. या अर्ध्या ओळीवरून आम्ही दोन दिवस भांडलो. भांडलो म्हणजे काय, एकमेकांकडे न बघता, पाठीला पाठ लावून. शेवटी सातातली एक ‘श्वास’ झाली. ती गेल्यावर मी पहिली कुठली गोष्ट केली असेल तर ‘श्वास’ काढून टाकली आणि तिच्या जागी दुसरी स्टाइल घातली.

फाइल तशीच उघडी ठेवून मी डबा खाल्ला. ताईचा रोजचा फोन आला. ताई माझी मोठी बहीण, दुसऱ्या गावी असते. जेवलास का, हा तिचा प्रश्न आणि जेवतोय, हे माझं उत्तर, यात बरीच वर्षं बदल नाही. पुढे ती म्हणाली, “आवाज का असा?” मी म्हटलं, कसा? “काय माहीत. कुणी भेटलं का?” बहिणींना हे कुठून कळतं कुणास ठाऊक. कोण भेटणार, म्हटलं. खरंच कोण भेटणार? घरी गेलो की मी आधी दारातल्या चपला सरळ करतो, एकाच माणसाच्या चपला, त्या वाकड्या तरी किती असणार. वर्तमानपत्राची घडी मूळ घडीवरच घालतो. ओट्यापाशी उभ्याने जेवतो, म्हणजे टेबल पुसायला नको. ही सगळी सोय आहे असं मी इतकी वर्षं समजत आलो. डब्याचं झाकण लावताना आज मला जाणवलं की मी एकटा आहे, आणि हे मला अगदी नव्याने कळल्यासारखं लागलं.

ती गेली तो आठवडा माझ्या डोक्यात दिवसवार लावलेला आहे, तोही नको तितका नीट. सोमवारी तिने राजीनामा दिल्याचं कळलं. भावाकडे जाणार, त्याची मुलं लहान, वहिनी नोकरी करते. ती तेव्हा सेहेचाळीसची, मी चव्वेचाळीसचा. दोघंही बिनलग्नाचे, आणि ऑफिसातल्या लोकांनी आमच्यावरून विनोद करायचंही कंटाळून सोडून दिलेलं. मी तिला म्हटलं, “बरं होईल. तेवढाच हवापालट.” दुपारी तिने तिची शेवटची फाइल माझ्याकडे दिली, लिफ्टच्या देखभालीची पुस्तिका. “ही तू साफ कर,” म्हणाली. आम्ही आपापल्या फायली आपणच साफ करायचो, म्हणून मी विचारलं, का? “मला कंटाळा आलाय. तू कर. नीट बघ हं पण.” मंगळवारी दोनदा विचारलं, झाली का? बुधवारी सकाळी मी ती फाइल केली. बुधवारी संध्याकाळी ती जिन्यापाशी पिशवी घेऊन उभी होती. मी तिला म्हटलं, अजून गेली नाहीस? म्हणाली, निघालेच. आणि मी पुढे निघून गेलो, कारण माझी बस होती. गुरुवारी ती दिवसभर बोलली नाही. मला वाटलं, जाण्याचं वाईट वाटत असेल. शुक्रवारी चहा झाला, साहेबांचं भाषण झालं, टेबलावर ठेवायचं एक घड्याळ दिलं तिला. सगळे पांगल्यावर ती तिच्या खुर्चीत बसली, मी माझ्या. मधे दोन पाठी. तिने विचारलं, “लिफ्टची फाइल केलीस?” आणि मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, “परवाच. तुझी फाइल म्हणजे आरसा. सहाच स्टाइली जास्तीच्या निघाल्या, त्या उडवल्या. एकही फालतू गोष्ट सुटू दिली नाही.” ती म्हणाली, “सहा? मोजल्यास?” “मी कशाला मोजू, मशीन सांगतं आकडा.” तेव्हा ती हसली. चांगली खळखळून हसली. “शहाणा आहेस,” म्हणाली आणि घड्याळ पिशवीत घालून गेली. शेवटच्या दिवशी का होईना, आपण तिला हसवलं, याचा मला आनंद वाटत आलेला आहे. बारा वर्षं हा आनंद मी जपून वापरतो आहे.

तिचा नंबर पुढे बंद झाला. म्हणजे मी एकदा लावला होता, वर्षाने, एका मथळ्याच्या आकड्यांचं गणित जमत नव्हतं म्हणून. निदान स्वतःला सांगितलं होतं तसं.

दोन वाजता मी पुलांच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या क्लार्कने उचलला. मी म्हटलं, “तुमच्या अहवालात एक स्टाइल आहे, त्याबद्दल विचारायचं होतं. श्वास नावाची.”

“काय नावाची?”

“श्वास.”

“साहेब, हे पुलांचं ऑफिस आहे. दवाखाना नाही.”

मी नीट समजावून सांगितलं. तो मोकळा माणूस होता, त्याला बोलायला कुणीतरी हवंच असावं. “हां हां, ते फॉरमॅट होय. ते आमच्या मॅडमनी करून दिलेलं. सात-आठ वर्षं होत्या इथे. मार्चमध्ये रिटायर झाल्या. आता डोळ्यांचं काहीतरी झालंय त्यांचं, जास्त वेळ स्क्रीन बघवत नाही, म्हणून म्हणाल्या बाहेर देऊन टाका. तुमच्या ऑफिसचं नाव त्यांनीच दिलं ना.”

“त्यांनी दिलं?”

“हो मग. म्हणाल्या, तिथे एक जण आहेत, एकही फालतू गोष्ट सुटू देत नाहीत. तुम्हीच का ते?”

“मी... बहुतेक.”

“मग काय चिंता! तुमचं झालं की फाइल त्यांच्याकडेच जाते, घरून एकदा नजर टाकतात. आम्ही इथे हातही लावत नाही. नंबर देऊ का त्यांचा? थेटच विचारा.”

“नको, नको,” मी म्हटलं. “तसं काही नाही. फॉरमॅटचाच प्रश्न होता.”

फोन ठेवला. नको का म्हणालो? विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण माझ्या तोंडून आधी नको निघतं आणि मग मी कारणं शोधतो, हा माझा जन्मजात आजार आहे. मी परत कामाकडे वळलो. मथळे लावले, टेबलं एका रुंदीची केली. एका पुलाच्या तिसऱ्या खांबाला तडा आहे, असं वाक्य डोळ्यांखालून गेलं आणि लक्षात आलं की मी वाचतो आहे. एकही फालतू गोष्ट सुटू देत नाहीत. क्लार्कने हे स्वतःच्या मनाचं जोडलेलं नव्हतं. हे माझं वाक्य होतं, शब्दाला शब्द. बारा वर्षांत तिने कितीतरी ऑफिसं पाहिली असतील, मुलं वाढवली असतील, भावाकडे राहिली असेल किंवा नसेल, कुणाबरोबर राहिली असेल, आणि या सगळ्यात हे एक वाक्य तिने जसंच्या तसं ठेवलं. कशासाठी? त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय होतं? कौतुक म्हणून ठेवलं असेल, असं मी मनाशी म्हणून पाहिलं, आणि म्हणतानाच पटलं नाही. ती हसली होती ते आठवलं. आजपर्यंत ते हसू मी नुसतं बघितलं होतं, वाचलं नव्हतं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. फाइलला हात लावण्याआधी तिची जशी आली तशी एक प्रत ‘कच्चं’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची, म्हणजे उद्या कुणी भांडायला आलं तर दाखवता येतं. भांडायला कुणी येत नाही. त्यामुळे ते फोल्डर कुणी उघडत नाही, वर्ष संपलं की एका डिस्कवर उतरवून कपाटात टाकतात. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. ती डिस्क मला लगेच सापडली, कारण सगळ्या डिस्कांवरची लेबलंही मीच एका मापाने कापून चिकटवलेली आहेत. डिस्क जोडली. तिने बराच वेळ घेतला, आत काहीतरी कुरकुरलं, आणि मग लिफ्टची पुस्तिका उघडली. बावन्न पानं. मी ती पहिल्यांदा बघितली असं म्हणायला हवं. मथळे सारखे, टेबलं सारखी, प्रत्येक टेबलाखाली अर्धी ओळ. तिच्यात साफ करण्यासारखं काहीच नव्हतं. मुळात साफ केलेलीच फाइल तिने मला साफ करायला दिली होती. एवढं तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. कुठल्याही नवख्याच्या लक्षात आलं असतं.

मग मी यादी उघडली. आमच्या सात स्टाइली खाली होत्या. त्यांच्या वर आणखी सहा, आकडे घालून केलेल्या, म्हणजे मशीनने त्यांचा क्रम बदलू नये. सहाही नीट बनवलेल्या होत्या, प्रत्येकीला फॉन्ट, आकार, वर-खाली जागा, काही अर्धवट सोडलेलं नव्हतं. बावन्न पानांत एकही कुठे लावलेली नव्हती.

०१ हे तू न वाचता उडवशील

०२ तरी लिहिते, तोंडाने जमत नाही

०३ भावाला अजून हो म्हटलेलं नाही

०४ शुक्रवारपर्यंत वाट बघते

०५ जाऊ नको म्हण, एवढंच म्हण

०६ मी राहीन

मी ते वाचलं. परत वाचलं. पलीकडे कुणीतरी प्रिंट काढत होतं, त्याचा आवाज चालू होता. मला रडू आलं नाही. लाज वाटली, आणि ती लाज कानांच्या पाळ्यांपर्यंत चढत गेली. बुधवारी सकाळी मी ते बटण दाबलं होतं. बुधवारी संध्याकाळी ती जिन्यापाशी उभी होती. मी तिला विचारलं होतं, अजून गेली नाहीस? आणि शुक्रवारी, तिच्या पाठीला पाठ लावून, सहाच निघाल्या म्हणून मी तिला शाबासकी दिली होती. ज्या माणसाला यादी वाचायची सवय होती त्या माणसाने माझ्यासाठी लिहावं ते यादीत, आणि यादी न वाचण्याबद्दल ज्याचं नाव होतं त्या माणसाला ते लिहावं, यात तिची चूक होती की माझी? तिला माहीत होतं की मी उडवीन, तसं तिने पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. मग लिहिलं कशाला? पण एवढा तरी विश्वास तिने ठेवला होता, की आयुष्यात एकदा, तिच्या फाइलपुरता, मी बटण दाबायच्या आधी बघीन. नीट बघ हं, असं तिने तोंडाने सांगितलंही होतं. आणि मी नीट बघतो म्हणूनच तर माझी ख्याती.

चार वाजत आले होते. साडेपाचला फाइल पाठवायची होती. क्लार्कला परत फोन करून नंबर मागता आला असता. मी फोन उचलला आणि तिला काय म्हणायचं ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं, आणि तो तसाच परत ठेवला. बारा वर्षांनी फोनवर आवाज ऐकायचा, तोही तिच्या घरातला, तिथे कोण असेल, कोण उचलेल, आणि माझं ते नको पुन्हा आधी बाहेर पडलं तर? तोंडाने जमत नाही हे दोघांचंही खरं होतं. पण फाइल तिच्याकडे जाणार होती. मधे कुणी हात लावत नाही, असं क्लार्क म्हणाला होता. आणि ती उघडल्या उघडल्या आधी यादी वाचते. डोळे अधू असले तरी यादी वाचेल. बाकी दोनशे चाळीस पानं सोडून देईल, पण यादी सोडणार नाही.

मी पुलांच्या फाइलमधल्या एकशे ऐंशीवर स्टाइली उडवल्या. या वेळी आधी एक एक वाचली. ‘श्वास’ ठेवली, नुसती ठेवली नाही, प्रत्येक टेबलाखाली लावली, एकशे बारा टेबलं, आणि खरं सांगायचं तर पानं बरी दिसायला लागली. मग नवीन स्टाइल उघडली. नावाच्या चौकटीत ‘०१’ लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते सुचेना. माफ कर, असं लिहिलं आणि खोडलं. ते तिने मागितलं नव्हतं. तू कशी आहेस, हेही खोडलं. मला कळलं नव्हतं, हे तर अगदीच खोडण्यासारखं होतं. पाच वाजता मी लिहिलं, ‘०१ आज वाचलं’. तिला सोळाचा आकार दिला, वर जागा, खाली जागा. दुसरी उघडली. गेलेल्या माणसाला काय म्हणायचं असतं? जे म्हणायला हवं होतं त्याला आता काही अर्थ नव्हता, हे मलाही कळत होतं. ती गेली, राहिली, तिथे म्हातारी झाली. पण तिने एवढंच म्हण असं लिहिलं होतं, दुसरं काही मागितलं नव्हतं. मी लिहिलं, ‘०२ जाऊ नको’. तिलाही फॉन्ट दिला, आकार दिला.

साडेपाचला मोठ्या मॅडम आल्या. आमच्या विभागाच्या त्या प्रमुख, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण मला काका न म्हणण्याइतक्या समजूतदार. माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, “झाली? साफ ना?”

“नाही,” मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी गंमत करतो आहे. सव्वीस वर्षांत हे उत्तर इथे कुणी ऐकलेलं नाही. “म्हणजे?”

“तीन स्टाइली जास्त आहेत. त्या राहू द्या.”

“लागतात का त्या कुठे?”

“एक लागते,” मी म्हटलं. “दोन कुठेच लागत नाहीत. पण त्या राहू द्या. तुम्ही फाइल उघडून ते बटण दाबू नका, एवढं करा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग यादीकडे. यादी आता दहाच नावांची होती आणि त्यांना वाचता येत होतं. माझ्या हाताशेजारून हात घालून त्यांनी फाइल पाठवली आणि म्हणाल्या, गेली. मग जाता जाता दारातून मागे वळून म्हणाल्या, “तुम्ही आता घरी जा.” मी मात्र बसून राहिलो. फाइल पोहोचल्याचं उत्तर क्लार्ककडून आलं, धन्यवाद, मॅडमना पुढे पाठवली आहे, सोमवारपर्यंत कळवतो. सोमवारपर्यंत म्हणजे दोन दिवस. तिच्या घरी तिला मदत करणारं, तिचे डोळे दमतात म्हणून आधी फाइल उघडून आवरून ठेवणारं कुणी माझ्यासारखं असेल, एवढीच आता मला भीती आहे.